तुवालूचा कौल केवळ तैवानपुरता नाही

तैवानला मान्यता देणाऱ्या तुवालू या प्रशांत महासागरातील बेटदेशातील २०२४ च्या निवडणुकीचा निकाल ‘तैवान की चीन’ या एकाच चौकटीत बसवणारा अग्रलेख वाचला; ती मांडणी पटली नाही. शेजारच्या भागातील नाउरू या देशाने त्या वर्षी १५ जानेवारीलाच तैवानची साथ सोडून चीनला मान्यता दिल्याने सगळ्यांच्या नजरा तुवालूकडे वळल्या, हे समजण्यासारखे आहे. पण तिथे राजकीय पक्षच नाहीत. आठ बेटांवरून प्रत्येकी दोन असे १६ सदस्य निवडून येतात आणि तेच आपल्यातून पंतप्रधान ठरवतात. त्या वेळी तर खराब हवामानामुळे दूरच्या बेटांवरच्या सदस्यांच्या बोटी राजधानी फुनाफुतीला वेळेत पोहोचल्या नाहीत. मतदान २६ जानेवारीला झाले, पंतप्रधानपदी फेलेती तेओ यांची बिनविरोध निवड २६ फेब्रुवारीला. अशा निवडणुकीतून परराष्ट्र धोरणावरचा कौल शोधणे ओढूनताणून होते.

जेमतेम ११ हजार वस्तीच्या या देशाचे भवितव्य ज्यावर ठरणार आहे, तो ऑस्ट्रेलियाबरोबरचा फालेपिली करार आहे. समुद्र चढत असताना दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात राहण्याची, काम करण्याची मुभा त्यात आहे. बदल्यात अन्य देशांशी सुरक्षाविषयक करार करताना ऑस्ट्रेलियाची सहमती घ्यावी लागते. एवढा मोठा निर्णय लोकांना पुरेसे विश्वासात न घेता झाला, हे तेओ यांच्या सरकारने स्वतःच मान्य केले आहे. तैवानशी मैत्री कायम ठेवतानाच त्याने हे सांगितले. करारावर सही करणारे तत्कालीन पंतप्रधान कौसेआ नातानो तर आपली जागाही राखू शकले नाहीत. अग्रलेखात या कराराला एक ओळही मिळू नये, याचा खेद वाटतो.

– एक वाचक, सातारा