‘साळा’ अशुद्ध नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात नातवाच्या शाळेत पालकसभेला गेले होते. शेजारी नऊवारीतल्या एक आजी होत्या. पाळी आली तशा उठल्या आणि म्हणाल्या, “बाई, आमचं पोरगं रोज साळंत येतंय न्हवं?” बाईंनी उत्तर देण्याआधी दुरुस्ती केली, “आजी, साळा नाही, शाळा.” दोन-चार पालक हसले. आजी पदर सावरत खाली बसल्या, त्या सभा संपेपर्यंत बोलल्या नाहीत. पोरगं रोज येतं की नाही, ते राहूनच गेलं.

मला ते फार लागलं. कारण सांगोला तालुक्यात वाड्यावस्त्यांवर 31 वर्षं मीही हेच केलं. पहिलीतलं मूल ‘साळा’ म्हणालं की तीनदा ‘शाळा’ म्हणून घ्यायचे. निवृत्तीनंतर एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या लाह्यांतली तुसं निवडत होते. नातू म्हणाला, “साळीच्या लाह्या म्हणजे कशाच्या?” भाताच्या, हे ठाऊक होतं. पण शब्द कुठून आला म्हणून कोश उघडला, तर मूळ निघालं संस्कृत ‘शालि’. शालीची साळ झाली, आणि ती कुणालाच खटकत नाही!

संस्कृतातला ‘श’ प्राकृतात ‘स’ झाला. श्वश्रूची सासू, शशाचा ससा. दोन स्वरांमधल्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला. फलाचं फळ, मालेची माळ. ‘शाला’ याच वाटेनं आली की तिची ‘साळ’ होते, आणि झालेलीच आहे. टंकशालेची टांकसाळ. मुंबईच्या टांकसाळीला ‘टंकशाळा’ म्हणा, असं कुणी दटावत नाही. उलट आपल्या ‘शाळे’तच श संस्कृताचा आणि ळ मराठीचा आहे.

अर्थाचंही तसंच. शाला म्हणजे मुळात घर, निवारा. अथर्ववेदातलं शालासूक्त गवतानं शाकारलेल्या घराचं आहे. गोशाळा, धर्मशाळा, पाकशाळा यांत शिकण्याशिकवण्याचा काही संबंध नाही. माझी पहिली नेमणूक मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरणाऱ्या चौथीपर्यंतच्या शाळेवर होती. चार दगडी खांब, वर पत्रा, आणि पाऊस सुरू झाला की माझा आवाज पोरांना ऐकू जायचा नाही. गावातली माणसं तिला साळाच म्हणत.

मुलांना लिहिताना ‘शाळा’ लिहायला शिकवावंच, परीक्षेत तेच लागतं. पण घरात बोलतात तो शब्द चुकीचा आहे, असं सांगू नये. “घरी साळा म्हणतात, पुस्तकात शाळा लिहितात” एवढं पुरतं. आणि पालकसभेत तर कुणाचे उच्चार सुधारूच नयेत. डी.एड.च्या वर्गात होणाऱ्या शिक्षकांना सासू, ससा, साळ, टांकसाळ हे चार शब्द फळ्यावर लिहून दाखवावेत, पंधरा मिनिटांचं काम आहे. मला ते कुणी वेळेवर दाखवलं असतं, तर माझ्या वर्गातली कितीतरी पोरं पहिल्याच आठवड्यात गप्प झाली नसती.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सांगोला (जि. सोलापूर)