अँब्युलन्स घेतोस तर आधी खाली वाकून बघ

तासगाव,
१८ ऑगस्ट

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू "फिरत्या वर्कशॉपसाठी मीपण जुनी अँब्युलन्सच घेऊ का?" म्हणालास आणि नेमकं तेव्हाच एक शेतकरी द्राक्षबाग फवारायच्या ब्लोअरचा पंप दुरुस्तीला घेऊन दारात आला. सवडीनं लिहितो म्हटलं होतं, ते आज लिहितोय.

घे. पण डोळे उघडे ठेवून घे.

आपल्या धंद्याचं तुला सांगायला नको. ऑक्टोबर छाटणी झाली, वर आभाळ आलं की डाऊनी रोगाच्या भीतीनं सगळ्या बागा एकाच रात्री फवारायच्या असतात आणि ब्लोअर नेमका तेव्हाच बसतो. कुणाच्या पीटीओ शाफ्टचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणाऱ्या दांड्याचा, क्रॉस जातो, कुणाच्या पंपाचं सील. ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून माझ्या दुकानापर्यंत आणेपर्यंत उजाडतं. म्हणून दुकानच बागेत न्यायचं ठरवलं. नव्या बंद बॉडीच्या गाडीत कप्पे, वायरिंग, दिवे करायचा अंदाज काढला आणि गप्प बसलो. मग एका दवाखान्याची फोर्स ट्रॅव्हलर अँब्युलन्स विकायला आहे असं कळलं. चारच्या खाली यायला तयार नव्हते, शेवटी पावणेचार लाखांना जमलं.

आत सगळं आयतं होतं. इन्व्हर्टर, दुसरी बॅटरी, २३० व्होल्टचे सॉकेट, छताला दिवे, धुता येणाऱ्या भिंती. औषधांच्या कप्प्यांत आता ओ-रिंगा, नोझल आणि सील किट आहेत. सलाइनच्या हुकांना व्ही-बेल्ट लटकतात. स्ट्रेचरच्या जागी बाक बसवून त्यावर व्हाइस ठोकलाय. छताचा धरायचा दांडा तसाच ठेवलाय, बांधावरून गाडी हलायला लागली की तोच कामाला येतो.

आता मुख्य. मीटरवरच्या किलोमीटरवर भाळू नकोस. दवाखान्याची गाडी पळते कमी आणि उभ्याउभ्या चालते जास्त. आत पेशंट, एसी चालू, म्हणून इंजिन चालू. मीटर तिथंच आणि इंजिनाचे तास वाढतच. शिवाय फोन आला की थंड इंजिन चालू करून लगेच दाबून काढायची, त्यात क्लच आणि ब्रेक संपतात. इंजिन दणकट आहे यात वाद नाही. फोर्सच्या या २.६ लिटरच्या इंजिनाचं मूळ मर्सिडीजच्या जुन्या ओएम ६१६ मध्ये आहे, त्यामुळं आपल्या कुठल्याही गॅरेजला ते कळतं. पण तू सकाळी जा, बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे का बघ आणि मगच चालू करायला सांग. आधीच गरम करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवतायत हे समजून जा.

त्याहून महत्त्वाची गाडीच्या आतली जमीन. वर अखंड व्हिनाइल असतं, स्वच्छ दिसतं. रोज फिनाइलच्या पाण्यानं धुतात आणि ते पाणी स्ट्रेचरच्या रुळांच्या स्क्रूंमधून खाली मुरतं. मी मागच्या दाराशी व्हिनाइलची कड स्क्रूड्रायव्हरनं उचलली तर खालच्या पत्र्याचे पापुद्रे निघाले, बोटानं चुरा होणारे. मालक म्हणाला, "वरवरचा गंज आहे." मी गाडीखाली झोपून टॉर्च मारला. चासी शाबूत होती म्हणून घेतली, आणि त्या पत्र्यावरच भाव खाली आणला.

कागदांत घाई करू नकोस. माझ्या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म तुला माहीतच आहेत. नाव झालं म्हणजे झालं असं मात्र नाही. आरसीवर वाहनाचा प्रकार 'अँब्युलन्स' असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं तो बदलायला आरटीओची परवानगी आधी घ्यायची, काम नंतर करायचं, मग निरीक्षकाला गाडी दाखवायची. केंद्राच्या परिवहन वाहनांच्या यादीत 'मोबाईल वर्कशॉप' हा वेगळा प्रकार आहे, तोच माग. एजंट "काय गरज नाही" म्हणेल, ऐकू नकोस. उद्या ठोकर झाली की विमा कंपनी आधी आरसी बघते. निळा दिवा आणि सायरन उतरवूनच गाडी रस्त्यावर आण.

आणखी एक, सरकारी गाडी पंधरा वर्षांच्या वरची असेल तर बघायलाही जाऊ नकोस. १ एप्रिल २०२३ पासून तिची नोंदणी पुढं वाढवून मिळत नाही, ती भंगारातच जाते.

ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पिंजरा बघून तुझ्या मनात गॅस कटिंगचा सेट येईल, माझ्याही आला होता. नको. आपले हात, चिंध्या, सगळं तेलकट. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लागलं तर पेट घेतं, आणि बंद गाडीत जळणाऱ्या गॅसची टाकी म्हणजे मरणच. मी तिथं छोटा जनरेटर बांधलाय, धूर नको म्हणून चालवताना खाली उतरवतो. वेल्डिंगचं मशीन त्यावर चालतं.

रंगाचं ऐक. पुढची 'अँब्युलन्स'ची उलटी अक्षरं खरवडून काढली तरी उन्हानं भोवतीचा रंग उडालेला, त्यामुळं तीच अक्षरं पांढऱ्यावर पांढरी दिसायची. वस्तीवर गेलो की बायका पदर सावरत बाहेर, "कुणाला काय झालं?" एका म्हातारीनं तर मला पाणी देऊन बसवलं आणि हळूच विचारलं, कुणाच्यात आलास? दोन-तीनदा असं झाल्यावर सरळ पोपटी रंग मारला. रंग बदललास तर तोही आरसीवर चढवून घे.

तू बघितलेल्या गाडीच्या आरसीचा आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. छाटणीच्या आधी एक रविवार मोकळा आहे, म्हणशील तर पिंपळगावला येतो आणि दोघं मिळून बघू. वहिनींना नमस्कार, आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच,
संभा