मागची खोली तुझी

लीड्स, २८ मे

प्रिय आई,

सा. न. बाबांनाही नमस्कार सांग.

परवा फोनवर तू म्हणालीस, "गॅलरीत एक छोटं टेबल टाकते, माझ्या भरतकामाला तेवढं पुष्कळ झालं बाप्पा." बाबा शेजारी होते, दादाही लाइनवर होता, म्हणून मी गप्प बसले. आता सविस्तर लिहिते. गॅलरी नको. दादाची मागची खोली घे.

गॅलरी पश्चिमेची. त्यात नागपुरात नवतपाचे कडक दिवस सुरू झालेत. दुपारी चारला तिथे वाळलेले कपडे काढायला जायचं तर तू डोक्याला ओढणी गुंडाळतेस, तिथे बसून सुई ओवणार आहेस? शिवाय रोजच्या उन्हानं लडींचे रंग विटतात. पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवायचे अ‍ॅक्रेलिक रंग तर ब्रश उचलेपर्यंत प्लेटमध्येच सुकतील. (ताटलीत ओलं फडकं घालायचं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. बराच वेळ ओला राहतो. मी हे इथल्या क्लासमध्ये शिकले. इथे मे महिन्यातही स्वेटर सुटत नाही, त्यामुळे ह्याचा खरा उपयोग तुलाच.)

मागच्या खोलीची खिडकी उत्तरेची. जूनच्या आसपास सकाळ-संध्याकाळ थोडी तिरीप येईल तेवढीच, एरवी ऊन थेट आत नाही आणि उजेड दिवसभर सारखा. टेबल असं लाव की खिडकी तुझ्या डाव्या हाताला येईल, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडणार नाही. बाबा त्या खिडकीत कूलर बसवा म्हणतील. बसवू देऊ नको. अर्धा उजेड जाईल, आणि ती ओली हवा थेट सामानावर येईल. क्विलिंगच्या कागदी पट्ट्या लोळागोळा होतात, सुया गंजतात. हॉलमधल्या कूलरची हवा दारातून येते तेवढी पुरे. सुयांना घट्ट झाकणाची डबी कर आणि औषधाच्या बाटलीत निघते ती सिलिका जेलची पुडी तिच्यात टाक.

पण ऊन आणि कूलर ही वरवरची कारणं झाली. मला खरं सांगायचंय ते वेगळंच.

तुझं काम कायम दिवाणावर पसरलेलं असायचं आणि बेल वाजली की गोळा व्हायचं. तान्ह्या पोळ्याच्या आधीचे दिवस आठव. लाल मखमलीची वीतभर झूल, तिच्यावर नखाएवढे आरसे, कडेला गोटा. एका आरशाचा आडवा-उभा ताणा घालून झाला, आता त्यावरून गोल टाके घ्यायचे, तेवढ्यात कोणीतरी यायचं. तू सगळं चादरीसकट गुंडाळून कपाटात कोंबायचीस. रात्री उघडलं की ताणा सैल झालेला, आरसा निसटलेला, आणि तू चष्मा लावून चादर झटकत बसलेली. आजूबाजूच्या पोट्ट्यांचे बैल मात्र दरवर्षी तुझ्याच झुली घालून मिरवले.

एकदा महाल भागात चितार ओळीत जाऊन बघ. गणपतीच्या आधी गल्लीभर मूर्ती असतात, कुणाला सोंड नाही, कुणाला हात नाहीत, पण पाहुणे आले म्हणून कोणी त्या उचलून माळ्यावर टाकतं का? जिथे आहेत तिथेच वाळतात, कारागीर जेवून येतो आणि तिथूनच पुढे सुरू करतो. तुलाही तेवढंच पाहिजे. सुई कापडात तशीच खोचून कुकर लावायला जाता आलं पाहिजे.

मी इथे जिन्याखालची जागा घेतलीय. भाड्याचं घर, भिंतीत खिळा ठोकायची सोय नाही, म्हणून दोन लाकडी घोड्यांवर एक फळी टाकली. डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून सगळा खर्च दिव्यावर केला. तूही संध्याकाळी बसशील, तर बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर आहे का ते बघ. नाहीतर दिव्याखाली गडद निळा आणि जांभळा दोरा एकच वाटतो आणि सकाळी उसवत बसावं लागतं.

बाकी नवीन काही घेऊ नको. ते प्लॅस्टिकचे खणाखणांचे ऑर्गनायझर बघायला छान, पण त्यात गोंडे मावत नाहीत. संत्रा बर्फीचे रिकामे डबे आहेत ना माळ्यावर? त्यांना बाहेरून आतल्या वस्तूचा एक तुकडा चिकटव, लेबल वाचायलाही नको. टेबल म्हणून जुनं डायनिंग चालेल. कापड मात्र उभ्यानं, ओट्यावर बेत, कंबर धरणार नाही. मखमल गांधीबागेतून एकदमच आण, पण जागा लावून झाल्यावर. आधी सामान आणि मग जागा असं केलंस तर खोली गोदाम होईल.

दादा दिवाळीत येतो तो चार दिवस. दिवाण आता मोकळाच राहील, त्यावर झोपेल.

बाबा, हे पत्र तुम्हीही वाचणार, म्हणून तुमच्यासाठी: इलेक्ट्रिशियनला बोलावून टेबलाजवळ इस्त्रीसाठी वेगळा पॉइंट काढून घ्या. कूलर, इस्त्री आणि ग्लू गन एकाच एक्स्टेंशनवर लावायची नाही. आणि त्या खोलीतली पेपरची रद्दी पोळ्याच्या आधी निघाली पाहिजे, श्रावणात नको, आत्ताच. आईला झुली शिवायला तिथे बसायचंय.

आई, खिडकीचं आणि भिंतीचं माप टेपनं घेऊन कळव, फळ्या कुठे लावायच्या ते मी काढून पाठवते. जुलैत माझी मैत्रीण नागपूरला येतेय, तिच्याबरोबर कापडाची चांगली कात्री पाठवतेय. कागदाला लावू नको, धार जाते.

तुझी,
पिंकी

ता. क. कात्री बाबांना दुधाची पिशवी कापायला द्यायची नाही. त्यांच्यासाठी वेगळी पाठवतेय.