द्राक्ष, कांदा आणि अर्थशास्त्राचा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कांद्याचे भाव चढले किंवा कोसळले की सरकारने बाजारात हस्तक्षेप करावा की करू नये, हा वाद नाशिक जिल्ह्यात नव्याने पेटतो. महाविद्यालयात अनेक वर्षे अर्थशास्त्र शिकवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कोणता हस्तक्षेप, बाजारातल्या कोणत्या उणिवेसाठी आणि कोणाच्या खर्चाने, हे विचारल्याशिवाय चर्चा पुढे सरकतच नाही. दुर्दैवाने विद्यार्थ्यांना असे विचारायला शिकवले जात नाही. बारावीला मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते हे, एका प्रकरणात येते आणि सार्वजनिक वित्तव्यवहार, म्हणजे सरकारचे कर आणि खर्च, दुसऱ्या. दोन्हींच्या व्याख्या पाठ होतात, परंतु एखाद्या कराचा भार शेवटी कोणावर पडतो हे समजण्यासाठी दोन्ही प्रकरणे एकत्र वाचावी लागतात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

त्यासाठी लासलगावच्या कांदा बाजारपेठेइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (ज्याखाली निर्यात करता येत नाही असा भाव) ठरवले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हाही ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलेच; शुल्क पूर्णपणे जाण्यासाठी १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. हे शुल्क कागदोपत्री निर्यातदार भरतो. पण परदेशातील खरेदीदारापुढे पाकिस्तानचा आणि इजिप्तचा कांदाही असल्याने निर्यातदाराला भाव फारसा वाढवता येत नाही, आणि इकडे कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा दिवसागणिक वजनात घटत आणि सडत असल्याने शेतकऱ्याला फार काळ थांबता येत नाही. ज्याला मागे हटायला जागा नसते, कराचा मोठा वाटा त्याच्याच माथी येतो. शहरातील हातावर पोट असलेल्या कुटुंबाला कांदा परवडावा, हा हेतू निश्चितच रास्त आहे. मात्र त्या स्वस्ताईचा खर्च सरकारी तिजोरीने सोसायचा की निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याने, हे निर्यातबंदीच्या एका अधिसूचनेने ठरून जाते आणि तो खर्च कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये शेतकऱ्यांचा रोष वाढल्यावर केंद्राने २,४१० रुपये क्विंटल दराने जादा दोन लाख टन खरेदीची घोषणा केली, तेव्हा निदान त्या खर्चाचा काही भाग उघडपणे तिजोरीवर आला.

याच जिल्ह्यातल्या द्राक्षाची गोष्ट वेगळी आहे. भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याने २००३ मध्ये युरोपात आपली अब्रू गेली होती. द्राक्षातले अंश डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे प्रामाणिक बागायतदाराला आपला माल निर्धोक असल्याचे एकट्याने सिद्ध करता येत नाही, आणि एकाच्या निष्काळजीपणाची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. बाजाराची ही उणीव सरकारी यंत्रणेने भरून काढली: बागांची नोंदणी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुन्यांची तपासणी आणि २००६ पासून ‘अपेडा’ या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ या संगणकीय प्रणालीवर पेटीपासून थेट बागेपर्यंत माग काढण्याची सोय. भाव सरकारने ठरवला नाही, भावाला आधार देणारा विश्वास तयार केला. ही व्यवस्था निर्दोष नव्हती; २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि बागायतदारांचे फार मोठे नुकसान झाले. तरीही हा हस्तक्षेप कशासाठी होता, हे स्पष्टपणे सांगता येते.

सरकार दूर राहिले की बाजार आपोआप नीट चालतो, असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी बाजार समितीतला उघड लिलावही पाहावा. रुमालाखाली बोटे दाबून, शेतकऱ्याला न कळता भाव ठरवण्याची जुनी पद्धत कायद्याने बंद झाली, ती व्यापाऱ्यांनी आपण होऊन सोडली नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक मिळतात. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी त्याचा उपयोग करून लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील आवक व किमान, कमाल आणि सरासरी भाव केंद्राच्या अधिसूचनांच्या तारखांशेजारी मांडण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे. भाव पडण्यात अधिसूचनेचा वाटा किती आणि लाल कांद्याच्या वाढलेल्या आवकेचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे, आणि अर्थशास्त्राचे खरे शिक्षण त्या कष्टातच आहे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. बाजारभावाच्या सदरात निर्यातीचे त्या दिवशी लागू असलेले नियम आणि ते लागू झाल्याची तारीख एका ओळीत छापावी. वर्गात वापरायला तेवढी ओळ पुरेशी आहे.

आपला नम्र,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, नाशिक रोड