ईआरपीच्या करारापूर्वी कामाचा अभ्यास हवा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

लघु व मध्यम उद्योगांनी ईआरपी प्रणाली (हिशेब, साठा, उत्पादन व बिले एकत्र सांभाळणारी संगणकप्रणाली) बसवावी आणि कागदी कारभार कमी करावा, असे आवाहन उद्योजकांच्या मेळाव्यांतून वारंवार केले जाते. वृत्तपत्रांच्या उद्योगविषयक पानांवरही त्याची दखल घेतली जाते. या आवाहनाला माझा विरोध नाही. कोल्हापूर परिसरातील फौंड्री (धातूचे ओतकाम करणारे कारखाने) व मशीन शॉप (ओतीव भागांवर यंत्रकाम करणारे कारखाने) यांचे हिशेब पाहणारा कॉस्ट अकाउंटंट या नात्याने मला अशा प्रणालींचा रोज उपयोग होतो. मात्र हे प्रकल्प ज्या क्रमाने हाती घेतले जातात तो क्रमच उलटा आहे, असे माझे मत आहे. आधी किंमत ठरते, मग प्रणाली सुरू करण्याची तारीख ठरते, आणि कारखान्यात काम प्रत्यक्षात कसे चालते हे पाहण्याची वेळ करारावर सह्या होऊन आगाऊ रक्कम दिल्यानंतर येते.

बहुतेक ठिकाणी घडते ते असे. विक्रेत्याचा प्रतिनिधी मालकांच्या केबिनमध्ये पडद्यावर नमुना दाखवतो, मालक आपल्याकडे काम कसे चालते ते सांगतात, आणि त्यावरून गरजांचा एक दस्तऐवज तयार होतो. मालक खोटे सांगत नाहीत, पण ते काम जसे चालायला हवे तसे सांगतात. माल कधी बिनचलनाचा (मालासोबतच्या पावतीशिवाय) का जातो, तपासणीचा शेरा दुसऱ्या दिवशी का पडतो, हे स्टोअरकीपर आणि सुपरवायझर यांनाच ठाऊक असते. खरा साठा ज्याच्या वहीत असतो त्याला या बैठकीला बोलावले जात नाही. बैठकीचा चहा सांगायला मात्र त्यालाच पाठवले जाते.

फौंड्रीचे उदाहरण देतो, कारण या व्यवसायात अपवाद हाच नियम असतो. कास्टिंग (ओतीव भाग) ओतले, फेटलिंग (त्याची साफसफाई) झाले, तपासणीत ठीक ठरले आणि माल मशीन शॉपकडे गेला, की प्रणालीच्या दृष्टीने व्यवहार संपतो. प्रत्यक्षात टर्निंग (लेथवरचे कातकाम) करताना आत ब्लोहोल (हवेची पोकळी) निघतो आणि ते कास्टिंग काही आठवड्यांनी परत येते. ते कोणत्या चलनावर आले, मशीनिंगचा खर्च ग्राहकाने डेबिट नोटने (आपल्या देण्यातून वजावट करण्याच्या चिठ्ठीने) वळता केला का, परत आलेला धातू भट्टीत टाकताना तो भंगाराच्या दराने धरायचा की कच्च्या मालाच्या, आणि ज्या महिन्यात विक्री दाखवली त्या महिन्याच्या उत्पादनखर्चाचे काय करायचे, हे सगळे प्रश्न त्या एका नगाने उभे राहतात. त्यात भट्टीचा हिशेब किलोत, कास्टिंगची मोजणी नगांत, आणि ग्राहकाचा दर कधी किलोवर तर कधी नगावर. रनर-रायझरचे, म्हणजे साच्याच्या वाटांत उरलेल्या धातूचे, वजन पुन्हा वितळण्यासाठी परत येते. ग्राहकाच्या मालकीचे पॅटर्न (साचा बनवण्याचे नमुने) आपल्या आवारात पडून असतात. ते साठ्यात धरायचे नसतात, पण हरवले तर भरून द्यावे लागतात. यातले काहीच दस्तऐवजात आले नाही, तर प्रणाली सुरू झाल्यावर सुपरवायझर निमूटपणे स्वतःची डायरी पुन्हा उघडतो, आणि त्या दिवसापासून कारखान्यात दोन हिशेब चालू होतात.

जॉबवर्कचेही, म्हणजे आपल्या मालावर दुसऱ्या कारखान्याकडून करून घेतलेल्या कामाचेही, तसेच आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कसाठी पाठवलेला माल एका वर्षात परत आला नाही किंवा तेथून पुढे विकला गेला नाही, तर तो ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच पुरवठा (करपात्र व्यवहार) झाला असे मानले जाते. म्हणून प्रत्येक चलनाची शिल्लक वेगळी दिसणे आवश्यक असते. आमच्याकडे माल फौंड्रीतून मशीनिंगला, तेथून परस्पर प्लेटिंगला आणि तेथूनच ग्राहकाकडे जातो. मूळ मालकाच्या फाटकातून तो पुन्हा आत येतच नाही. ‘माल बाहेर’ आणि ‘माल आत’ एवढ्या दोनच नोंदी ओळखणारी प्रणाली येथे वर्षाअखेरीस चुकीची यादी हाती देते.

हा प्रश्न केवळ लहान उद्योगांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून नवी प्रणाली उभारली. ४८ महिन्यांचा म्हणून सुचवलेला प्रकल्प २००० साल उजाडताच जुने संगणक तारखांत चुकतील या धास्तीने ३० महिन्यांत बसवला गेला. एप्रिल १९९९ मध्ये सुरू व्हायची प्रणाली जुलैमध्ये, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविन सणाची मागणी तोंडावर असताना सुरू झाली. सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घटला. या प्रकरणाची चर्चा बहुधा घाईपाशीच थांबते. मला त्यातील दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. हंगामात कंपनीचे लोक जागा मिळेल तेथे माल ठेवत, आणि अशा तात्पुरत्या जागा नव्या प्रणालीत साठवणुकीचे ठिकाण म्हणून नोंदवल्याच गेल्या नव्हत्या. चॉकलेट तयार होते, पण प्रणालीला ते दिसत नव्हते. ती माहिती गोदामातल्या माणसांना होती. ती कागदावर आणणे हे विश्लेषणाचे काम होते.

उलट बाजूचे उदाहरण जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीचे आहे. २०११ मध्ये सुरू केलेला आणि सुमारे ५० कोटी युरो खर्च झालेला प्रकल्प त्यांनी २०१८ मध्ये बंद केला. लिडल आपला साठा खरेदीच्या किमतीने मोजत असे, तर घेतलेल्या प्रणालीची मूळ मांडणी विक्रीच्या किमतीवर आधारलेली होती. कंपनीने आपली पद्धत सोडली नाही आणि प्रणालीत फेरबदलांमागून फेरबदल होत गेले. ‘एवढे तेवढे आमच्या पद्धतीने करून द्या’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक विक्रेत्याने ऐकलेले आहे, आणि या बाबतीत माझी सहानुभूती विक्रेत्यांकडेही आहे. कारखान्याची कोणती सवय खरोखर व्यवसायाची गरज आहे आणि कोणती केवळ जुन्या मुनीमजींची आठवण आहे, याचा निर्णय करारापूर्वी व्हायला हवा. तो नंतर होऊ लागला, की प्रत्येक बैठकीत नवा खर्च निघतो.

आता तारखेविषयी. २०१८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती लॉइड्स या पूर्वीच्या मालक बँकेच्या प्रणालीवरून आपल्या स्पॅनिश मालक बँकेच्या प्रणालीवर एकाच वेळी हलवली, आणि सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यांपर्यंत पोहोचता येईना. स्वतंत्र चौकशी अहवालाने दाखवून दिले, की शेवटची तारीख आधी ठरवून तेथून मागे मोजत कामाचे वेळापत्रक आखले गेले होते, आणि ती तारीख एकदा पुढे ढकलल्यानंतरही नवे वेळापत्रक पुरेशी विचारणा न होता मान्य झाले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

आपल्याकडे अशी आधी ठरलेली तारीख म्हणजे १ एप्रिल. नवे आर्थिक वर्ष, नव्या वह्या, म्हणून नवी प्रणाली, हे ऐकायला सोयीचे वाटते. पण मार्च हा कारखान्यातील सर्वांत धावपळीचा महिना असतो: ग्राहकाला वर्षाअखेरची रवानगी हवी असते, लेखा विभाग ताळेबंदाच्या तयारीत असतो, साठ्याची मोजणी करायची असते. हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, हा नियम कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आणि ५ कोटी रुपयांवरील उलाढालीच्या उद्योगांना ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक झाले. या दोन्ही नियमांसाठी हिशेब व बिलांचा भाग वेळेत बदलणे भागच होते. मात्र त्यासोबत स्टोअर, उत्पादन, तपासणी आणि जॉबवर्क हे सर्व त्याच दिवशी नव्या प्रणालीवर नेण्याची सक्ती कोणत्याही नियमाने केलेली नव्हती. ते विक्रेत्याच्या हप्त्यांच्या वेळापत्रकात बसत होते, एवढेच.

माझी सूचना अशी आहे, की कामाच्या अभ्यासाचा करार स्वतंत्र असावा आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत. सध्या विक्रेते हा अभ्यास मोफत करून देतात, आणि त्यात साहजिकच त्यांच्या प्रणालीत जे आधीपासून आहे तेच कारखान्याची गरज म्हणून निघते. अभ्यास त्याच विक्रेत्याने केला तरी हरकत नाही. मात्र तो संपल्यावर पुढे न जाण्याची मुभा मालकाला असावी आणि तयार झालेला दस्तऐवज कारखान्याच्या मालकीचा राहावा. हा दस्तऐवज मराठीत असावा. त्यावर सही करणारा स्टोअरकीपर तो वाचू शकला पाहिजे, आणि ‘आमच्याकडे असे होत नाही’ असे म्हणू शकला पाहिजे. त्यासाठी नमुन्याची चार चलने पुरत नाहीत. सर्वाधिक गर्दीच्या एका महिन्याची सर्व चलने, परत आलेल्या मालाची नोंदवही, डेबिट नोटा आणि खाडाखोड असलेली पाने समोर ठेवून, यांतील प्रत्येक व्यवहार नव्या प्रणालीत कोठे आणि कोण नोंदवणार, हे त्यांच्याच आधारे लिहावे.

लहान उद्योजकाला हा खर्च परवडणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. पन्नास-साठ कामगारांच्या कारखान्यात हा अभ्यास काही आठवड्यांत होतो. त्याचा खर्च वाचवणारे उद्योजक पुढे दोन हिशेब जुळवण्यासाठी एक माणूस कायमचा नेमतात, हे मी पाहत आलो आहे; त्या माणसाचा पगार मात्र प्रकल्पाच्या खर्चात कोणीच धरत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलसारख्या वसाहतींतील उद्योजकांच्या संघटनांनी यासाठी एक नमुना करार तयार करून सदस्यांना द्यावा. त्यात अभ्यासाचा टप्पा वेगळा दाखवावा, आणि विक्रेत्याचा शेवटचा हप्ता प्रणाली सुरू झाल्याच्या दिवशी न देता, पहिल्या महिन्याअखेरचा साठा प्रत्यक्ष मोजणीशी जुळल्यानंतर द्यावा. ज्यांचे पुढील १ एप्रिलचे करार आधीच झाले आहेत, त्यांनी त्या दिवशी केवळ हिशेब आणि बिले हलवावीत, आणि स्टोअर व उत्पादन यांचा भाग मागणी मंदावलेल्या महिन्यासाठी राखून ठेवावा. विक्रेते त्याला सहसा नकार देत नाहीत. फक्त ते करारावर सही करण्यापूर्वी किंवा निदान पुढचा हप्ता देण्यापूर्वी मागावे लागते.

आपला नम्र,
एक कॉस्ट अकाउंटंट, कोल्हापूर