‘थर्ड’ विस्कळीत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सॉफ्ट मशीन या इंग्लिश बँडच्या ‘थर्ड’ या अल्बमवरचा लेख वाचला. या बँडवर मराठीत कोणी लिहिलं, याचाच आनंद मोठा. पण अल्बमला ‘विस्कळीत’ म्हटलंय, ते मला पटलं नाही. शिवाय लेखात वादकांची नावंच नाहीत, आणि इथे कोण काय वाजवतंय यातच सगळं आहे.

माझ्याकडे ‘थर्ड’ आला तो थोरल्या भावाने भरून आणलेल्या कॅसेटवर. आतल्या कागदावर पेन्सिलने रचनांची चारच नावं होती. मला वाटलं, बाकीची लिहायची राहिली. पण १९७०च्या या दोन तबकड्यांच्या अल्बममध्ये रचना चारच, तबकडीच्या एका बाजूला एक, प्रत्येक साधारण अठरा-एकोणीस मिनिटांची.

इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या या मंडळींनी सुरुवात केली ती गाण्यांपासून. पुढे एल्टन डीनचा सॅक्सोफोन आला, जॅझची ओढ वाढली आणि ऑर्गन वाजवणारा माइक रॅटलेज, बास वाजवणारा ह्यू हॉपर यांना शब्द नकोसे झाले. ड्रमर रॉबर्ट वायटला मात्र गायचं होतं.

तिसरी बाजू ऐका, ‘मून इन जून’. त्यातल्या गाण्याच्या भागात ड्रमच नव्हे, ऑर्गन, पियानो, बास सगळं वायटने एकट्याने वाजवलंय. आवाज उंच पट्टीतला, जरासा घोगरा, शेजारी बसून बोलावं तसा. तो एकटाच वाजवतोय हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेव्हापासून ती बाजू ऐकताना गळा दाटून येतो. आपल्याच बँडमध्ये एकटा पडलेला माणूस! निम्म्या वाटेवर रॅटलेज आणि हॉपर येतात, रॅटलेजचा फझ लावलेला, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत केलेला ऑर्गन करवतीसारखा आत घुसतो आणि गाणं मागे पडतं. बँड बदलतोय, तो असा आपल्या कानांदेखत. याला विस्कळीत कसं म्हणायचं?

पुढच्या ‘फोर्थ’ या अल्बममध्ये वायट गायलाच नाही. १९७१मध्ये तो बाहेर पडला आणि त्याने मॅचिंग मोल नावाचा बँड काढला. ‘सॉफ्ट मशीन’चं फ्रेंच ‘मशीन मोल’, त्यावरची ही कोटी. म्हणजे जुनं नाव त्याने सोडलं नव्हतंच.

लेखकाने ‘फोर्थ’वरही जरूर लिहावं. आणि त्या वेळी लेखाखाली वादकांची नावं, वाद्यांसकट, छापावीत ही विनंती.

आपली,
एक वाचक, ठाणे