कॅप्सूल जेवणाबरोबरच हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीतील स्वादुपिंडाच्या विकारांवरचा लेख वाचला. स्वादुपिंडाचा दाह, त्यात होणारे खडे आणि गाठी यांची माहिती त्यात नेटकी दिली होती. शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याविषयी मात्र शेवटी एकच वाक्य होते, ते म्हणजे रुग्णाने तेल-तूप कायमचे वर्ज्य करावे. ते वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या स्वादुपिंडाचा शेपटाकडचा सुमारे अर्धा भाग प्लीहेसह, म्हणजे आपण जिला पानथरी म्हणतो तिच्यासह, काढावा लागला. गाठ कर्करोगाची नव्हती, पण पुढे तशी होण्याचा संभव होता. तेल-तुपाविषयीचा हाच सल्ला तेव्हा मलाही मिळाला होता आणि त्यापायी माझे आठ महिने फार वाईट गेले.

रुग्णालयातून निघताना मिळालेल्या कागदावर पाचक कॅप्सूलपुढे 'जेवणानंतर' असे लिहिले होते. औषध म्हणजे जेवून, हात धुऊन घ्यायची गोष्ट, हीच आपली जन्माची सवय असल्याने त्यात मला काही वावगे वाटले नाही. मुगाचे वरण, कोरडा फुलका आणि उकडलेली भाजी एवढ्यावर राहूनही शौचाला फिकट, चिकट आणि उग्र वासाचे होई, ते पाण्यावर तरंगे आणि कडेला तेलाचा तवंग राही. ही गोष्ट घरात कोणाला सांगायची लाज वाटे. वजन ५८ किलोवरून ४७ वर आले. भेटायला येणारे माझ्याकडे बघून गप्प होत आणि मग स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईंना हळू आवाजात काहीबाही विचारत. अखेर दुसऱ्या एका डॉक्टरांनी, कोणतीही तपासणी सांगण्यापूर्वी, 'कॅप्सूल नेमकी केव्हा घेता?' असे विचारले. इतक्या महिन्यांत तो प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

अन्नातील स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि पिष्ट पदार्थ पचवणारा रस स्वादुपिंडात तयार होतो आणि अन्न लहान आतड्यात उतरते त्याच वेळी तो तेथे येऊन मिसळतो. कॅप्सूलमध्ये त्याच रसातील लायपेज, प्रोटिएज आणि अमायलेज ही (अनुक्रमे स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि पिष्ट पदार्थ पचवणारी) पाचक द्रव्ये बारीक दाण्यांच्या रूपात असतात. जठरातल्या आम्लाने ती नष्ट होऊ नयेत म्हणून त्या दाण्यांवर लेप असतो. दाणे जठरात घासांबरोबर मिसळले, तरच ते अन्नासोबत पुढे सरकतात आणि लेप विरघळून कामाला लागतात. अन्न पुढे निघून गेल्यावर मागून आलेली कॅप्सूल वाया जाते. म्हणून ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची, एकाहून अधिक असतील तर उरलेल्या जेवण चालू असताना घ्यायच्या, आणि दाणे चावायचे नाहीत. मात्रा लायपेजच्या युनिटांत मोजतात. मोठ्या माणसाला साधारणपणे मुख्य जेवणाबरोबर ४०,००० ते ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याबरोबर त्याच्या निम्मे अशी सुरुवात करतात आणि पुढे गरजेप्रमाणे डॉक्टर ती वाढवतात. आमच्याकडे आता कॅप्सूल ताटात डावीकडे, मीठ, लिंबू आणि चटणी यांच्या शेजारी वाढली जाते. ही युक्ती माझ्या नातीची, आणि तेव्हापासून एकदाही विसर पडलेला नाही.

आता तेल-तुपाविषयी. एका ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात. आधीच झडत चाललेल्या माणसाचे तूप तोडणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणेच होय. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही स्निग्धांशाबरोबरच शोषली जातात, आणि ती कमी पडली तर हाडे ठिसूळ होण्यापासून रातांधळेपणापर्यंत त्रास होऊ शकतात. स्निग्धांश पचत नसेल तर कॅप्सूलची वेळ आणि मात्रा तपासावी, विष्ठेतील इलॅस्टेजची, म्हणजे स्वादुपिंडातूनच येणाऱ्या एका पाचक द्रव्याची, चाचणी करून घ्यावी (प्रतिग्रॅम २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण हे कमतरतेचे लक्षण मानतात), पण आधी ताट रिकामे करू नये. सकाळचे पोहे-जिलबी मी आता थोडेच, पण कॅप्सूलबरोबर खाते. गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभी राहून जिरावण मसाला घातलेला गरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, चार वर्षांनी खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी काहीही त्रास झाला नाही. उपवासाचा फराळही यातून सुटत नाही. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट आणि तूप असते, म्हणून तिच्याबरोबरही कॅप्सूल लागतेच.

हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते, ही गोष्ट शाकाहारी घरांपासून लपवून ठेवू नये. माझ्यापासून कोणी लपवली नव्हती, पण कोणी सांगितलीही नव्हती. कळल्यावर दोन दिवस मला घास गेला नाही. मग यजमानांनी आठवण करून दिली की, माझ्या सासूबाई रोज टोचून घेत ते इन्सुलिनही त्या काळी गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढलेले असे. प्रत्येकाने आपला निर्णय घ्यावा, पण तो माहिती घेऊन घ्यावा. औषधांच्या दुकानात सहज मिळणारी पाचक सिरपे या कॅप्सूलची जागा घेऊ शकत नाहीत, हेही त्याच वेळी सांगितले गेले पाहिजे. आणखी एक गोष्ट आपल्या इंदूरच्या उन्हाळ्यासाठी. माझ्या डबीवर २५ अंशांखाली ठेवावे असे छापलेले आहे. मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या फडताळात ती ठेवली, तर आतल्या औषधाचा गुण कमी होतो.

साखरेविषयी थोडे. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शेपटाकडच्या भागात अधिक दाट असतात, त्यामुळे तो भाग काढल्यावर मधुमेह जडू शकतो, काहींना लगेच, तर काहींना वर्षांनंतर. त्यातच साखर फार खाली गेल्यास ती वर आणणारे ग्लुकागॉनही कमी झालेले असते. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या अशा रुग्णाने कडक एकादशी करणे धोक्याचे आहे, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी तसा आग्रहही धरू नये.

पानथरी काढलेल्यांसाठीची गोष्ट मात्र जिवावरची आहे. न्यूमोकोकस, मेनिन्गोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या जंतूंविरुद्धच्या लसी, शस्त्रक्रिया ठरवून होत असेल तर किमान दोन आठवडे आधी, आणि राहून गेल्या असतील तर नंतर, घ्यायलाच हव्यात. शिवाय दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. अशा माणसाला थंडी वाजून ताप आला तर काढा पिऊन रात्र काढू नये, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. पानथरी नसल्याचे लिहिलेली एक चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवते, म्हणजे मला बोलता आले नाही तरी डॉक्टरांना कळेल.

शहरातील रुग्णालयांना माझी विनंती एवढीच आहे की, अशा रुग्णाला घरी पाठवताना हिंदी-मराठीत लिहिलेला एक कागद द्यावा आणि त्यातली 'जेवणाबरोबर' ही ओळ ठळक अक्षरांत छापावी. परिचारिकेने तो रुग्णाला आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला, दोघांनाही, वाचून दाखवावा. आपल्या पुरवणीने एखाद्या पोटविकारतज्ज्ञांकडून तपासून घेऊन असा मजकूर छापल्यास, घरोघरी कात्रण करून ठेवता येईल. तो मराठीत नीट लिहून देण्याचे काम मी आनंदाने करीन; माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
रामबाग, इंदूर